अनुरागाची कैफियत : इंग्रजी मेटाफिजिकल काव्यातील स्त्री आणि प्रेम

इ. स. १६९३ मध्ये उपरोधकाव्याच्या उगमाविषयी व विकासाविषयी लिहिलेल्या आपल्या प्रदीर्घ निबंधात ड्रायडनने जॉन डनवर असा आक्षेप घेतला की, प्रेमाच्या मृदू भाषेने जेथे स्त्रियांची अंतःकरणे जिंकून घ्यावयाची तेथे हा कवी तत्त्वज्ञानातील सूक्ष्म तर्कवितर्कांनी त्यांची बुद्धी संभ्रमात टाकतो. आक्षेप घेणारा स्वतः थोर कवी होता आणि टीकाकार म्हणून त्याचा अधिकार त्याहूनही मोठा होता, त्यामुळे हा ठपका डनच्या नावाला दीर्घकाळ चिकटून राहिला यात नवल नाही. परंतु या आक्षेपात ड्रायडनच्या नकळत एक मोठी कबुली दडलेली आहे. तर्काने जिची बुद्धी संभ्रमात पडते तिला बुद्धी आहे, ती प्रियकराचे बोलणे ऐकून घेते, त्यातील प्रमाणे तपासते आणि प्रसंगी ती नाकारूही शकते, हे सर्व त्यात गृहीत धरलेले आहे. डनच्या पूर्वीच्या प्रेमकवितेतील नायिका आपल्याला सतत दिसत असते. डनच्या कवितेतील स्त्री जवळजवळ कधीच दिसत नाही. तिच्या डोळ्यांचा रंग कोणता, केस कसे, बांधा कसा, याचा पत्ता त्याच्या उत्तमोत्तम प्रेमकवितांतून लागत नाही. पण ती समोर बसलेली आहे आणि ऐकते आहे, याचे भान मात्र या कविता वाचताना क्षणभरही सुटत नाही. तिच्यापुढे एक कैफियत मांडली जात आहे, आणि निकाल तिच्या हाती आहे.

प्रस्तुत निवडीला प्रस्तावना लिहिताना मला मुख्यतः सांगावयाचे आहे ते एवढेच की, मेटाफिजिकल कवींच्या स्त्रीविषयक दृष्टीचे मर्म त्यांनी स्त्रीची निंदा किती केली व स्तुती किती केली याच्या हिशेबात सापडत नाही. ते या ऐकणाऱ्या स्त्रीच्या अस्तित्वात सापडते. तिला वादास पात्र मानले गेले, ही या काव्याची थोरवी; तिचे उत्तर बहुधा नोंदले गेले नाही, ही त्याची मर्यादा.

ज्यांना आज आपण मेटाफिजिकल कवी म्हणतो त्यांनी स्वतःला कधीच एका संप्रदायाचे मानले नव्हते. डॉ. जॉन्सनने १७७९ साली कौली या कवीच्या चरित्रात त्यांना एकत्र आणले ते प्रामुख्याने दोष दाखविण्यासाठी. विजातीय कल्पना बळजबरीने एका जोखडाला जुंपल्याचा आरोप त्याने त्यांच्यावर ठेवला. पुढे १९१२ साली ग्रिअर्सनने डनच्या कवितांची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली आणि १९२१ मध्ये त्याच्याच एका संकलनाचे परीक्षण करताना एलियटने असे प्रतिपादिले की, विचार आणि भावना यांची फारकत होण्यापूर्वीचे हे कवी होत. आपल्याकडील इंग्रजीच्या विद्यार्थ्याला हे कवी भेटले ते बहुधा एलियटच्या मध्यस्थीने, आणि त्यामुळे त्यांच्या शैलीची चर्चा जितकी झाली तितकी त्यांच्या प्रेमविषयाची झाली नाही.

डनला जी काव्यपरंपरा वारशाने मिळाली ती पेट्रार्कची. चौदाव्या शतकातील या इटालियन कवीने लॉराला उद्देशून लिहिलेल्या सुनीतांचे संस्कार दोन शतके युरोपभर पसरले होते, आणि इंग्लंडमध्ये सिडनीची ‘अ‍ॅस्ट्रोफेल अँड स्टेला’ ही सुनीतमाला १५९१ साली व स्पेन्सरची ‘अमोरेट्टी’ १५९५ साली छापली गेली तेव्हा लंडनमधील प्रत्येक होतकरू तरुणाच्या खिशात एखादे सुनीत असावे अशी परिस्थिती होती. या काव्यातील स्त्री सुंदर, शीतल आणि अप्राप्य; प्रियकर तिचा दास. त्याच्या उसाशांनी वादळे उठत, त्याच्या अश्रूंनी पूर येत, आणि ती उंच आसनावरून किंचितही ढळत नसे. सिंहासनावर अविवाहित एलिझाबेथ राणी विराजमान असताना आणि दरबारातील प्रत्येक इच्छुकाला नोकरीच्या अर्जातही अनुरागाची भाषा वापरावी लागत असताना या परंपरेला राजाश्रयच लाभल्यासारखे झाले होते. मला व्यक्तिशः असे वाटते की, या पूजेत स्त्रीचा सन्मान दिसतो त्याहून पुष्कळ कमी आहे. जिच्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही तिची आराधना करणे सोपे असते.

डनने हे आसन उलथून टाकले. १५९२ पासून तो लिंकन्स इन या कायद्याच्या विद्यापीठात होता, आणि तेथील तरुण, हुशार, महत्त्वाकांक्षी, थोडेसे उद्दाम असे वकिलीचे उमेदवार हे त्याचे पहिले वाचक होते. त्याच्या कविता हस्तलिखितांतून हातोहात फिरत. छापील संग्रह निघाला तो मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १६३३ मध्ये. या मंडळींच्या पुढ्यात पेट्रार्कऐवजी ओव्हिड ठेवला गेला, आणि स्त्री देवता नसून चंचल, चतुर, कामातुर अशी मानवी व्यक्ती आहे असे सांगण्याची चढाओढ सुरू झाली. एकनिष्ठ आणि रूपवती अशी स्त्री साऱ्या पृथ्वीवर सापडणार नाही असे सांगणारे त्याचे गीत याच काळातील मानले जाते. स्त्रियांच्या चंचलतेचे समर्थन करणारा त्याचा गद्य लेखही याच वृत्तीतून निघालेला आहे. सर्वांत कठोर ‘लव्हज् अल्केमी’. स्त्रीमध्ये मनाचा शोध घेऊ नये, असे या कवितेच्या शेवटी तो बजावून सांगतो, आणि तेथे विनोदाचा वास नाही.

या कवितांचे काय करावयाचे? त्या तरुणांनी तरुणांसाठी केलेल्या कसरती होत, वादविवादात कोणतीही बाजू घेऊन ती लढविण्याच्या वकिली शिक्षणाचे ते फळ होय, असे एक उत्तर देण्यात येते, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. ‘ब्रेक ऑफ डे’ आणि ‘कन्फाइन्ड लव्ह’ या कवितांत त्याच डनने स्त्रीला वक्ता केले आहे. पहिलीत पहाटे कामाच्या घाईने उठून जाणाऱ्या प्रियकराला ती खडसावते, दुसरीत एका पुरुषाशीच बांधून राहण्याच्या नियमाविरुद्ध ती फिर्याद मांडते. तेव्हा त्याची लेखणी दोन्ही पक्षांकडून चालत होती हे उघड आहे. तथापि या खुलाशाने त्या कवितांतील तुच्छता नाहीशी होत नाही. खेळ म्हणून केलेली निंदाही ज्या समाजात हशा पिकविते त्या समाजाचे मन ती उघडे करतेच. शय्यागृहात प्रियतमेला वस्त्रे उतरविण्याची विनवणी करणारे जे विलापछंदातील काव्य १६३३ च्या आवृत्तीत छापण्यास परवानगी मिळाली नाही, त्यात स्त्रीदेह हा नव्याने शोधलेला अमेरिका खंड झाला आहे आणि पुरुष त्यावर राज्य करणारा राजा. त्या कवितेचा उल्हास खरा आहे, तिची मांडणी विलक्षण आहे, आणि तरीही वसाहतींचा अनुभव घेतलेल्या देशातील वाचकाला शोध, मालकी आणि राज्य यांची ती जोडणी निर्वेधपणे वाचता येणार नाही. येऊही नये.

‘द फ्ली’ ही लहानशी कविता मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. एका पिसवेने दोघांनाही चावा घेतला आहे, दोघांचे रक्त तिच्या पोटात मिसळले आहे, तेव्हा जे तेथे घडले ते शय्येवर घडण्यास हरकत कसली, असा हा अजब युक्तिवाद. वरवर पाहता सारे बोलणे पुरुषाचे आहे. पण कडव्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत स्त्री काहीतरी करीत असते. पहिल्या कडव्यानंतर ती पिसवेवर हात उगारते, म्हणून दुसरे कडवे त्या प्राण्याला जीवदान मागण्यात खर्ची पडते; तिसरे सुरू होते तोवर तिने पिसू चिरडून टाकलेली असते, आणि तिच्या मृत्यूने आपल्या दोघांचे काहीच बिघडले नाही असे सांगून तिने त्याचा सारा डोलारा पाडलेला असतो. मग प्रियकराला आपली भूमिकाच बदलावी लागते, आणि तिच्याच वाक्याचा आधार घेऊन तो पुन्हा उभा राहतो. त्याला शेवटी यश आले की नाही हे कविता सांगत नाही. या स्त्रीच्या दोन कृतींनी कवितेची दिशा दोनदा बदलते. पेट्रार्कच्या साऱ्या सुनीतांत लॉराला इतके सामर्थ्य दिलेले मला आढळत नाही.

येथे डनच्या चरित्रातील एका घटनेकडे वळणे अपरिहार्य आहे. इंग्लंडच्या राजमुद्रेचे रक्षक सर थॉमस एगर्टन यांच्या पदरी तो चिटणीस म्हणून काम करीत असता त्यांच्याच वाड्यात त्यांच्या पत्नीची भाची अ‍ॅन मोर राहात होती. दोघांचे प्रेम जडले, आणि डिसेंबर १६०१ मध्ये, वधूपित्याच्या अनुमतीवाचून, त्यांनी गुप्तपणे विवाह केला. अ‍ॅन सुमारे सतरा वर्षांची होती, तो एकोणतीस वर्षांचा. सरे परगण्यातील लोझली येथील धनाढ्य जमीनदार सर जॉर्ज मोर यांच्या कानावर ही वार्ता १६०२ च्या फेब्रुवारीत गेली, तेव्हा त्यांनी जावयाला चाकरीतून बडतर्फ करविले आणि फ्लीट तुरुंगात टाकविले. लग्न लावणारा धर्मोपदेशक आणि त्यास हजर असलेला मित्र हेही कैदेत गेले. पुढे एप्रिलमध्ये धर्मन्यायालयाने विवाह कायदेशीर ठरविला, पण गेलेली चाकरी परत मिळाली नाही. राजदरबारात उच्च पदावर जाण्याची डनची वाट तेथेच खुंटली. पिरफर्ड येथे अ‍ॅनच्या आप्ताच्या आश्रयाला, नंतर मिचम येथील दमट घरात, धनिकांच्या मर्जीवर अवलंबून राहून या जोडप्याने वर्षे काढली. अ‍ॅनला बारा अपत्ये झाली, त्यांपैकी दोन मृतावस्थेत जन्मली. शेवटच्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, १५ ऑगस्ट १६१७ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती निवर्तली.

डनची कोणती कविता अ‍ॅनसाठी लिहिलेली याचा निर्णय करणारा दाखला नाही, आणि कवितांना चरित्राच्या खुंटीला टांगण्याची हौस मी येथे आवरती घेतो. पण ‘द गुड-मॉरो’, ‘द सन रायझिंग’, ‘द अ‍ॅनिव्हर्सरी’, ‘द कॅननायझेशन’ या कविता वाचताना असे स्पष्ट जाणवते की, येथे जिंकण्याची गरज संपलेली आहे. वाद आहे, पण तो आता स्त्रीशी नाही. तो सूर्याशी आहे, राजांशी आहे, प्रेमिकांना नावे ठेवणाऱ्या शहाण्या जगाशी आहे. ‘द गुड-मॉरो’मध्ये दोन चेहरे एकमेकांच्या डोळ्यांत प्रतिबिंबित होतात आणि ही दोन प्रतिबिंबे पृथ्वीच्या दोन गोलार्धांहून निर्दोष ठरतात, येथे पाहणारा व पाहिली जाणारी हा भेद मिटला आहे. ‘द एक्स्टसी’मध्ये दोन आत्मे देहांबाहेर येऊन एकमेकांत मिसळतात, आणि त्या नव्या एकीकृत आत्म्याला असे उमजते की देहाचा धिक्कार करणे चूक होय, कारण देहांनीच प्रथम आपली भेट घडविली. त्या काळच्या इंग्रजी काव्यात देह आणि आत्मा यांची अशी समजूत दुसऱ्या कोणी घातलेली मला ठाऊक नाही.

तरीही या समतेत एक बारीक भेग राहून जाते, आणि जाणत्या वाचकाने ती पाहिलीच पाहिजे. ‘द सन रायझिंग’मध्ये प्रियतमा ही सारी राज्ये आहे आणि प्रियकर सारे राजे, मसाल्यांची आणि खाणींची अशा दोन्ही ‘इंडिया’ तिच्या रूपाने त्याच्या शेजारी निजल्या आहेत. ईस्ट इंडिया कंपनीला सनद १६०० साली मिळाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपमेचा ताजेपणा आणि तिचा अर्थ दोन्ही कळतात. ‘अ व्हॅलेडिक्शन : फॉरबिडिंग मोर्निंग’ या सुप्रसिद्ध कवितेत दोन आत्म्यांना कर्कटकाच्या दोन पायांची उपमा दिली आहे. फिरणारा पाय जितका दूर जाईल तितका स्थिर पाय त्याच्याकडे झुकतो आणि तो घरी परतला की ताठ उभा राहतो. १६११ साली सर रॉबर्ट ड्ररी यांच्याबरोबर फ्रान्सला निघताना डनने ही कविता पत्नीला दिली असे चरित्रकार वॉल्टनने नमूद केले आहे. पॅरिसमध्ये त्याला केस मोकळे सोडलेली, हातात मृत बालक घेतलेली अ‍ॅन दिसल्याची कथाही त्यानेच सांगितली. कथेचा खरेखोटेपणा अलाहिदा. पण स्थिर राहणे स्त्रीच्या वाट्याला आणि फिरणे पुरुषाच्या, हा विभाग त्या निर्दोष उपमेने सृष्टिनियमासारखा पक्का करून टाकला आहे. स्थिर पायावाचून वर्तुळ पुरे होत नाही हे कवी जाणतो आणि कृतज्ञतेने सांगतो. त्या स्थिरतेची किंमत कवितेत नाही. ती अ‍ॅनच्या बारा बाळंतपणांत आहे.

१९३८ साली ग्रिअर्सनच्या गौरवग्रंथात सी. एस. लुईस यांनी डनच्या प्रेमकवितेवर कडक टीका केली आणि त्याच ग्रंथात जोन बेनेट या विदुषीने त्यांना उत्तर दिले. डनचे प्रेम संशय व अपराधभाव यांत अडकलेले आहे असे लुईस यांना वाटले. डनने प्रेमाच्या अनुभवाचा पूर्ण विस्तार प्रामाणिकपणे मांडला असे बेनेट यांचे म्हणणे. मी बेनेट यांच्या बाजूचा आहे. तुच्छता आणि तन्मयता एकाच लेखणीतून उतरल्या म्हणून दुसरीचा खरेपणा कमी होत नाही. उलट जो पहिलीतून गेला आहे त्यालाच दुसरीचे मोल कळते.

आश्रयदात्या स्त्रियांना उद्देशून लिहिलेल्या डनच्या काव्यपत्रांवर येथे रेंगाळण्याचे कारण नाही. बेडफर्डची काउंटेस ल्यूसी हिच्यावरील स्तुती चतुर आहे, पण तिच्यामागे गरजेचा ताण जाणवतो. सर रॉबर्ट ड्ररींची कन्या एलिझाबेथ १६१० मध्ये अल्पवयात वारली. तिला डनने कधी पाहिलेही नव्हते, आणि तिच्या मृत्यूने जगच मृत झाले असे सांगणारी दोन दीर्घ काव्ये त्याने लिहिली. ती कुमारी मेरीविषयी असती तर शोभली असती, अशी बेन जॉन्सनने हरकत घेतली, तेव्हा आपण स्त्रीची कल्पना वर्णिली, ती प्रत्यक्ष जशी होती तशी नव्हे, असे डनने त्याला सांगितल्याची नोंद आहे. मॅग्डलेन हर्बर्ट मात्र निराळी. दहा मुलांची ही विदुषी माता डनची खरीखुरी मैत्रीण होती, आणि १६२७ मध्ये तिच्या स्मरणार्थ प्रवचन करताना सेंट पॉल्सचा हा प्रमुख धर्माधिकारी गहिवरला, असे वॉल्टनने नोंदविले आहे.

तिचा पुत्र जॉर्ज हर्बर्ट याने १६१० च्या सुमारास केंब्रिजहून आईला दोन सुनीते पाठविली आणि स्त्रीप्रेमावर कविता खर्ची घालणाऱ्यांविषयी त्यांत खेद व्यक्त केला. त्याने आपली शक्ती देवाकडे वळविली. पण प्रेमकवितेची रुसव्याफुगव्याची, आर्जवाची, समेटाची सारी भाषा त्याच्या भक्तिकाव्यात जशीच्या तशी आली आहे, आणि त्याच्या शेवटच्या थोर कवितेत प्रेमस्वरूप देव एखाद्या गृहिणीच्या वत्सल आग्रहाने संकोचलेल्या पाहुण्याला पानावर बसवितो. क्रॅशॉ या कवीने संत तेरेसाच्या ठायी भक्तीचे सर्वोच्च रूप पाहिले. डनने अ‍ॅनच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या सुनीतात तिच्यावरील प्रेमच आपल्याला ईश्वराकडे घेऊन गेले असे म्हटले, आणि दुसऱ्या एका सुनीतात तर स्वतःच वधू होऊन देवाने आपले बळाने हरण करावे अशी याचना केली. ज्ञानदेवांच्या विरहिणी ज्याने वाचल्या आहेत त्या मराठी वाचकाला पुरुषाने स्त्री होऊन ईश्वराला आळविणे नवे वाटणार नाही. डनच्या याचनेतील हिंसेने मात्र तो थबकेल.

मार्व्हेलच्या ‘टु हिज कॉय मिस्ट्रेस’मध्ये युक्तिवादाची धार सर्वांत तीक्ष्ण झाली आहे. काळ अमर्याद असता तर तू गंगेकाठी माणके वेचली असतीस आणि मी हंबर नदीकाठी विरह गात बसलो असतो, अशा विस्तीर्ण औदार्याने आरंभ करून तो एकाएकी थडग्यात उतरतो, जेथे तिचे जपलेले कौमार्य किड्यांच्या हवाली होणार आहे. धमकी आणि आर्जव यांचे हे मिश्रण अप्रतिम आहे, आणि क्रूरही आहे. याच कवीने जनरल फेअरफॅक्स यांच्या कन्येला, मेरीला, भाषा शिकविल्या आणि त्यांच्या वाड्यावरील दीर्घ काव्यात त्या मुलीला सृष्टीचा नियम सावरून धरणारी शक्ती म्हणून उभे केले. त्याच्या बहुतेक भावकविता १६८१ साली, मृत्यूनंतर तीन वर्षांनी, छापल्या गेल्या त्या त्याची घरव्यवस्था पाहणाऱ्या मेरी पामर हिच्यामुळे. तिने मेरी मार्व्हेल या नावाने त्यांच्या अस्सलपणाची ग्वाही दिली. हेन्री किंग हा डनचा मित्र व मृत्युपत्राचा व्यवस्थापक. १६२४ मध्ये वारलेल्या तरुण पत्नीवर त्याने लिहिलेले विलापकाव्य या निवडीत आवर्जून घेतले आहे, कारण विवाहातील सहवासाचे दुःख इतक्या संयमाने डनलाही मांडता आले नाही.

आणि अखेर कॅथरिन फिलिप्स. १६३२ मध्ये लंडनमध्ये जन्मलेली, सोळाव्या वर्षी वेल्समधील कार्डिगनच्या गृहस्थाशी विवाहबद्ध झालेली, ओरिंडा या नावाने ओळखली जाणारी ही कवयित्री १६६४ साली देवीच्या साथीत वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेली. डनच्या शाळेत ती शिकली होती आणि गुरूची सर्व हत्यारे तिने उचलली. कर्कटकाची उपमा तिच्याही कवितेत आहे, पण तेथे दोन्ही पाय स्त्रियांचे आहेत: ओरिंडा आणि तिची मैत्रीण ल्युकेशिया. ‘अ फ्रेंड’ या कवितेत तिने असा सवाल केला की, आत्म्याला लिंगभेद नसेल तर स्त्रियांना मैत्रीच्या योग्यतेपासून वगळण्याचा अधिकार पुरुषांना कोणी दिला. तिच्याच प्रश्नाला उत्तर म्हणून जेरेमी टेलर या धर्मपंडिताने १६५७ साली मैत्रीवर एक स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. स्त्रीमध्ये मन शोधू नये म्हणणाऱ्या कवितेला तिच्याच तर्कपद्धतीने दिलेले हे उत्तर होय, आणि ते साठेक वर्षे उशिरा आले तरी पूर्ण आहे.

वाचकांना माझी विनंती अशी की, या कविता त्यांनी मुळातून, मोठ्याने आणि सावकाश वाचाव्यात. ‘लव्हज् अल्केमी’ वाचून झाल्यावर तिच्या लगोलग ‘अ फ्रेंड’ वाचावी. आणि डनची कोणतीही प्रेमकविता संपली की पान उलटण्यापूर्वी, समोर बसलेल्या त्या स्त्रीने काय उत्तर दिले असते, याचा विचार करण्यास थोडा अवधी द्यावा.